उजव्या कोपऱ्यातलं नाव

बदलापूर
६ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू डब्यात ठेवतेस, म्हणून पत्र. आई म्हणाली, ती पत्राला उत्तर देते, फोनला देत नाही.

परवा अंबरनाथ पूर्वेला एका मिठाईच्या दुकानाचा फ्लेक्स काढत होते. नवा लावायचा होता. खाली जुना पत्र्याचा बोर्ड निघाला. पिवळ्यावर तांबडी अक्षरं, कडेने काळी सावली. रंग अजून जिवंत. उजव्या कोपऱ्यात बारीक सही : पेंटर महिपती, विठ्ठलवाडी. मी रस्त्यातच उभी राहिले. मागून रिक्षावाला म्हणाला, मॅडम, फोटो बाजूला होऊन काढा.

लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा खोलीभर पत्रे पसरलेले असायचे. त्यांच्यामध्ये बसलेली तू आठवतेस. काका आठवतात ते दारात उभे. म्हणून विचारते. तो बोर्ड कोणी रंगवला?

कारण असं. इथल्या कॉलेजात मी कलेचा इतिहास शिकवते, हे तुला माहीत आहे. २२ मार्चला एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवते आहे. काम बाईचं आणि नाव बाईचं नाही, अशा वस्तूंचं. गोधड्या नकोत, त्या सगळेच मांडतात. मला असं काम हवं आहे जे भर बाजारात होतं, सगळ्यांनी वाचलं आणि कोणी पाहिलं नाही. दुकानदाराने बोर्ड मला देऊन टाकला. भंगारात जाणारच होता, म्हणाला.

त्यावर मी एक परिच्छेद लिहिला आहे. अक्षरांवरची रेघ उजवीकडे किंचित चढते. इतक्या हुकमी हाताची रेघ चुकणार नाही. म्हणून लिहिलं, 'या तिरपेपणात एक मूक नकार आहे.' अक्षरांची पोटं गोल, भरलेली आहेत. तिथे 'गर्भाची स्मृती' असं लिहिलं. बरोबर आहे का, सांग.

तुझी,
किर्ती


विठ्ठलवाडी
१३ जानेवारी

चि. किर्ती,

अनेक आशीर्वाद. बदलापूर ते विठ्ठलवाडी अर्धा तास. पत्राला पाच दिवस लागले. चालत आलं असावं.

रेघेचं सांगते. बोर्डावर सरळ रेघ आखायला दोरीला खडूची भुकटी लावतात. दोन्ही टोकं ताणून धरायची आणि दोरी उचलून सोडायची. पत्र्यावर रेघ उमटते. याला दोन माणसं लागतात. घरात मी एकटी असायची. म्हणून एक टोक शिलाई मशीनच्या पायाला बांधायचं, दुसरं माझ्या पायाच्या अंगठ्याखाली. दोरी सोडताना अंगठा सरकायचा. यात नकार नाही. अंगठा आहे.

आता पोटांचं. ते मिठाईचं दुकान होतं. अक्षर गुबगुबीत नसेल तर पेढे कोण घेणार? डॉक्टरचं अक्षर सडसडीत. कुलूपवाल्याचं चौकोनी. साडीवाल्याचं पदर सोडल्यासारखं. गर्भाचं काही नसतं. सूतिकागृहाचा बोर्ड केला तेव्हासुद्धा नव्हतं.

तू लगेच म्हणशील, म्हणजे मावशी, तूच केलंस. मी दोरी मारायची. मदत करायची. बोर्ड तुझ्या काकांचे. सही वाचलीस ना?

एक आनंदाची बातमी. २२ फेब्रुवारीला इथल्या व्यापारी मंडळाने काकांचा सत्कार ठेवला आहे. 'ब्रशचे अखेरचे पेंटर' म्हणून. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र फ्लेक्सवर छापलं आहे. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण जाकीट शिवायला टाकलं. तेव्हा तुझ्या प्रदर्शनात आमचं काही नको. तू आपली गोधडीच लाव.

तुझी मावशी


बदलापूर
२५ जानेवारी

प्रिय मावशी,

'मूक नकार' खोडला. 'गर्भाची स्मृती' पण खोडली. दुसरी खोडताना जास्त जिवावर आलं.

मग तुझा अंगठा घेऊन बाजार फिरले. चार संध्याकाळी, उल्हासनगरभर. काकांची सही असलेले अकरा बोर्ड सापडले. आठ पत्र्याचे, तीन थेट भिंतीवर रंगवलेले. पत्र्याच्या आठही बोर्डांवर रेघ उजवीकडे चढते. भिंतीवरच्या तिन्हींवर रेघ सरळ आहे आणि अक्षरं वाईट आहेत. एका सायकलवाल्याकडे 'मार्ट'ला जागाच उरली नाही. शेवटचा 'ट' भिंत संपल्यावर खांबावर गेला आहे. तिन्ही नुसत्या काळ्या रंगात. पत्र्यावर मात्र पाच-पाच रंग, सावली, सोनेरी कड.

मावशी, दोरी कोण मारतो यावर अक्षराचं वळण बदलत नाही. पत्र्यावरचा हात एक आहे, भिंतीवरचा दुसरा. तू मदत करत नव्हतीस.

ही हे सगळं कशाला उकरते आहे, असं तुला वाटेल. माझा विषयच हा आहे. युरोपात किती तरी वर्षं मुलींना चित्रशाळेत उघड्या माणसाला समोर बसवून चित्र काढू देत नव्हते. माणूस काढता येत नाही म्हणून मोठी कामं त्यांना मिळायची नाहीत. मग त्या फुलं काढायच्या. मग लोक म्हणायचे, बायका काय, फुलंच काढतात. वडिलांच्या चित्रशाळेत मुली राबायच्या, चित्राखाली नाव वडिलांचं. १९७२ साली अमेरिकेत काही चित्रकार बायकांनी एक पडीक घर घेतलं आणि त्याच्या खोल्याखोल्यांत, स्वयंपाकघरातसुद्धा, आपलं काम मांडलं. पुढे काही जणींनी गोरिलाचे मुखवटे घातले आणि शहरात पोस्टरं लावली : म्युझियममध्ये उघड्या बायकांची चित्रं एवढी, आणि बायकांनी काढलेली इतकी थोडी कशी?

मला हॉलच्या मधल्या भिंतीवर तुझे बोर्ड लावायचे आहेत. खाली लिहायचं आहे : सुहासिनी. काकांना शाल मिळावी. पण कशाबद्दल मिळते आहे ते कोणीतरी विचारायला हवं. नावांची कार्डं १२ मार्चला छापायला द्यायची आहेत.

तुझी,
किर्ती


विठ्ठलवाडी
३ फेब्रुवारी

चि. किर्ती,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. उघडा माणूस समोर बसवला असता तर मला हसू आलं असतं, चित्र झालं नसतं. आणि त्या बायकांनी स्वयंपाकघरात प्रदर्शन मांडलं तेव्हा जेवण कुठे केलं ते तू लिहिलं नाहीस. मला तेच आधी सुचलं. आमच्या खोलीत पत्रा पसरला की चूल उचलावी लागायची.

ठीक आहे. अक्षरं माझी. बारवी नदीच्या बाजूला आमच्या शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायची. गुरुजी म्हणायचे, सुविचार राहू दे, अक्षर बघा. तेवढंच माझं शिक्षण. पुढचं पत्र्यावर झालं.

पण ही कला नाही, बोर्ड आहे. रस्त्याच्या पलीकडून वाचता आला पाहिजे आणि दुकान कशाचं ते वाचायच्या आधी कळलं पाहिजे. तुमच्या कलेत असं काही असतं का?

माझं नाव लावायचं नाही. तुझ्या पुस्तकातल्या बायका खऱ्या असतील. त्यांच्या नवऱ्यांना मी ओळखत नाही. याला ओळखते. सहीचं जे कारण आहे ते माझं एकटीचं नाही, म्हणून सांगता येत नाही. त्या बायकांनी गोरिलाचा मुखवटा घातला. मी तुझ्या काकांचा घातला. फरक फार नाही. माझा जरा टक्कल पडलेला होता.

जाकीट शिवून आलं. खांद्यात घट्ट आहे. दिवसातून दोनदा घालून बघतात.

तुझी मावशी


बदलापूर
९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हसवून विषय बदलतेस. मी विद्यार्थ्यांना हेच शिकवते, की हसणंसुद्धा झाकण असतं.

'कारण माझं एकटीचं नाही.' हे वाक्य मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. काकांनी तुला दम दिला होता का? बाईने बोर्ड रंगवला म्हटलं तर गिऱ्हाईक येणार नाही, असं म्हणायचे का? पन्नास वर्षं तू खाली बसून रंगवायचीस आणि ते दारात उभे राहायचे. मला तेच चित्र आठवतं आहे आणि आता ते मला आवडत नाही.

२२ तारखेला मी सत्काराला येणार. कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं विचारतातच. मी बोलणार. मग तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

किर्ती


विठ्ठलवाडी
१४ फेब्रुवारी

किर्ती,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. पाकीट मी स्वतः पोस्टात टाकते आहे.

तुझ्या काकांना लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. जन्मापासून. त्यांचे वडील पेंटर, म्हणून हेही पेंटर. दुसरं काही शिकवलंच नाही. वडील होते तोवर रंगाचे डबे तेच हातात द्यायचे. ते गेले आणि चार महिन्यांनी आमचं लग्न झालं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी यांनी दोन बोर्ड एकदम घेतले. एक मटणाचं दुकान, एक शुद्ध शाकाहारी खानावळ. मटण हिरवंगार रंगवलं. शाकाहारी लालभडक, शिवाय शोभेला खाली ओघळ सोडले. एकाच दुपारी दोघे दारात आले. मटणवाला म्हणाला, गिऱ्हाईक मेथी मागतंय. खानावळवाल्याने काय म्हटलं ते पत्रात लिहिता येत नाही. हे गच्चीवर जाऊन बसले. संध्याकाळी मी चहा घेऊन वर गेले तेव्हा मला सांगितलं. यांच्या आईला पण माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बोर्ड मी पुन्हा रंगवले. तेव्हापासून रंग माझे. रंग माझे झाले म्हणून अक्षरं माझी झाली. हे बाजारात फिरून काम आणायचे, पत्रा कापून आणायचे, बोर्ड खांद्यावर नेऊन शिडीवर चढून लावायचे. भिंतीवरचं काम आलं तर काळा रंग घ्यायचे, काळा चुकत नाही.

दारात का उभे राहायचे, तेही ऐक. कोणी येतंय का बघायला. आणि दार लावून घेतलं की भात हेच करायचे. माझे हात रंगात असायचे. पोरींच्या वेण्या यांनी घातल्या. त्या काळात बाहेर कळलं असतं तर रंगापेक्षा भाताचीच लाज जास्त वाटली असती.

दम कधी दिला नाही. मला ते काम आवडायचं. अक्षर संपत आलं की शेवटचा फराटा मारताना मी श्वास धरायची, अजून आठवतो. मला नाव नको होतं असं नाही. पण नाव माझं लावलं तर लोक विचारणार, मग हा काय करत होता? त्याचं उत्तर गच्चीवर मला दिलेलं आहे, बाजाराला नाही.

तू सत्काराला येऊ नकोस.

मावशी


विठ्ठलवाडी
२३ फेब्रुवारी

चि. किर्तीस,

महिपतीचा आशीर्वाद. मी पत्रं लिहीत नाही. माझं अक्षर चांगलं नाही, हे आता तुला माहीत आहे.

तुझी पत्रं आमची ही शिलाई मशीनच्या खणात ठेवते. खणाला कुलूप नाही. मी वाचली. वाचायला नको होती. तू सत्कारात बोलणार हे वाचून चार दिवस जेवण गेलं नाही. मग ठरवलं, तू बोलण्याआधी आपणच बोलावं. हे काही मोठं मन नव्हे. भीती होती.

काल तू आली नाहीस. मी तीन वेळा दाराकडे पाहिलं. हॉलमध्ये शंभर माणसं. शाल घातली, मानपत्र वाचलं. त्यात 'रंगांचे जादूगार' असं होतं. तिथे माझा धीर सुटला. माईक घेतला आणि सांगितलं. म्हटलं, मला लाल-हिरवं कळत नाही. या मानपत्राची कड कुठल्या रंगाची आहे तेसुद्धा मी सांगू शकत नाही. माझ्या नावाचे सगळे चांगले बोर्ड आमच्या सौ. सुहासिनी यांनी रंगवले. वाईट मी.

मला वाटलं, आता शाल काढून घेतात. मग फर्निचरवाले टेकचंद शेठ पुढच्या खुर्चीतून उठले. ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाले, "साईं, पूरे मार्केट को पता है. हरे मटन के दिन से."

सगळा हॉल हसला. टेकचंद शेठ म्हणाले, म्हणूनच आम्ही तुला सांगायचो, बोर्ड घरून करून आण, दुकानावर रंगवू नको. मला इतकी वर्षं वाटायचं, त्यांना दुकानापुढे पसारा नको असायचा.

पन्नास वर्षं लपवलेली गोष्ट लपलेलीच नव्हती, याचा राग कोणावर काढावा ते कळेना. शेवटी मीही हसलो. बोलल्यावर बरं वाटलं. एवढंच कळवायचं होतं. ही तिची चिठ्ठी याच पाकिटात घालते आहे.

महिपती

चि. किर्ती,

मी काल कानातलं मशीन घालून गेले होते. त्यामुळे सगळं ऐकलं. हेही शूर, टेकचंद शेठही चांगले. सगळे हसले, मीही हसले. बायकांच्या रांगेत मला पेढा दिला.

घरी येऊन शालीची घडी घालत होते. तेव्हा मनात आलं. सगळ्या बाजाराला माहीत होतं, आणि शाल एकच आणली होती.

नाव लाव.

मावशी


बदलापूर
२ मार्च

प्रिय मावशी, आणि काका,

पाकीट आलं तेव्हा मी वर्गात होते. तिथेच उघडलं आणि पुढची वीस मिनिटं मुलांना स्वतःचं स्वतः वाचायला सांगितलं.

काका, मी तुमच्याविषयी चुकीचं लिहिलं. दारात उभ्या माणसाचं मी एकच कारण धरलं होतं. भेटल्यावर नीट माफी मागेन. तुमचा भातही खायचा आहे. तोवर एक विनंती. भिंतीवरच्या त्या सायकल मार्टचा फोटो मी प्रदर्शनात लावू का? खाली तुमचं नाव घालीन. आई म्हणते, विचारू नकोस, रागावतील. मला वाटतं, हसाल.

मावशी, तुझ्या शालीच्या वाक्यावर मी दोन दिवस अडून आहे. लोकांना माहीत नसतं म्हणून बायकांची नावं राहतात, असं मी शिकवत आले. आता शिकवावं लागेल की माहीत असूनही राहतात. हे मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

कार्डावर 'सुहासिनी महिपती' घालू की नुसतं 'सुहासिनी'? कार्ड तळहाताएवढं आहे. पांढरं, काळी अक्षरं, सगळ्यांना सारखं. दहा तारखेपर्यंत कळव, बाराला छापायला जाईल.

तुझी,
किर्ती


विठ्ठलवाडी
१७ मार्च

चि. किर्ती,

दहा तारीख गेली. कार्ड छापलं असशील तर फेकून दे. हे पत्र घेऊन तुझे काका टेम्पोतून येतील, बरोबर एक पत्रा आहे. तो उतरवायला दोन माणसं तयार ठेव. सायकल मार्टला ते हो म्हणाले. म्हणाले, तो 'ट' मी मुद्दाम खांबावर नेला होता असं लिही.

उशीर का झाला ते ऐक. तू छापते म्हणालीस, मी म्हटलं, आयुष्यभर लोकांची नावं रंगवली आणि आपलं छापून घ्यायचं, हे बरं दिसत नाही. पत्रा मागवला, पांढरा हात मारला, वाळवला. ब्रश घेऊन बसले आणि काही सुचेना. डॉक्टरचं वळण घेतलं तर नाव आजारी दिसायला लागलं. साडीवाल्याचं घेतलं तर विकायला ठेवल्यासारखं. सत्तरी आली आणि माझं दुकान कशाचं ते मलाच माहीत नाही. दोन दिवस तशीच बसून. काकांनी दोन्ही दिवस भात केला, दार उघडं ठेवून.

तिसऱ्या दिवशी 'सु' काढायला घेतला आणि हात थांबला. कारण कळलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. पेंटर नवरदेव म्हणून सगळं वऱ्हाड वाकून बघत होतं. 'हा'ने निम्मं ताट खाल्लं आणि 'नी' ताटाच्या कडेवर गेला. मला पदराआडून हसू आलं होतं. तेव्हाच समजायला हवं होतं, अक्षराचं खातं आपल्याला बघावं लागणार.

नाव वाईट नाही. इतकी वर्षं वापरलं, त्याची सवय आहे. पण ते यांनी लिहिलेलं आहे. तुझं प्रदर्शन मी केलेल्या कामाचं आहे ना? मग त्यात यांचं काम कसं चालेल?

म्हणून मी माझं शाळेतलं नाव लिहिलं. गोदू. फळ्यावर सुविचाराखाली खडूने बारीक लिहायची ते. आता तुझी आई एकटीच त्या नावाने हाक मारते, तीही भांडताना. त्या नावाला वळण शोधावं लागलं नाही. ते कशाच्या दुकानाचं नव्हतं. ब्रश टेकवला आणि आलं.

काका शेजारी उभे होते. म्हणाले, पुढे महिपती नाही? म्हटलं, नाही. मग म्हणाले, रंग कुठला घेतला? मी विचारलं, तुम्हाला कुठला दिसतो? बराच वेळ बघत होते. म्हणाले, छान दिसतो.

तू तळहाताएवढं कार्ड म्हणाली होतीस. दोनच अक्षरं आहेत, पण पत्रा सहा फुटी होता आणि मी थांबले नाही. कडेला बोटभर जागा उरली आहे. मधल्या भिंतीवरचं काही हलवावं लागेल, ते हलव. रंग अजून कच्चा आहे, कोणाला हात लावू देऊ नकोस.

तुझी मावशी,
गोदू